नवा कॅमेरा, जुनं फोटोशॉप

कॅमेरा नवा आला आणि कॉम्प्युटर मात्र तोच राहिला, ही अवस्था तालुक्याच्या गावातल्या कितीतरी स्टुडिओंची आहे. हौशी मंडळींचीही तीच गत. हप्त्यावर मिररलेस कॅमेरा घेतला जातो, पहिल्याच लग्नाचं शूटिंग रॉमध्ये होतं, कार्ड कॉम्प्युटरला लावलं जातं आणि फोटोशॉप सीएस६ सरळ हात वर करतं. कॅनन ईओएस आर५० ची सीआर३ फाइल असो, निकॉन झेड मालिकेतली एनईएफ असो की सोनीची एआरडब्ल्यू, रड एकच. जुनं सॉफ्टवेअर नव्या कॅमेऱ्याला ओळखत नाही.

अशा वेळी घाईत दोन उपाय सुचतात. पहिला म्हणजे फाइलच्या नावातलं सीआर३ खोडून तिथे टिफ किंवा जेपीजी लिहायचं. दुकानाची पाटी बदलल्याने आतला माल बदलत नाही, त्यामुळे त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. दुसरा उपाय म्हणजे इंटरनेटवरचे फुकट कन्व्हर्टर. तिथे बहुतेक वेळा आठ बिटांची जेपीजी पदरात पडते, म्हणजे रॉमध्ये फोटो काढण्याचा सगळा फायदा वाटेतच सांडतो. शिवाय गिऱ्हाइकाच्या घरच्या लग्नाचे फोटो कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवर चढवायचे, हा भाग वेगळाच. मला तरी ते पटत नाही.

मग करायचं काय? नवं सॉफ्टवेअर घेणं किंवा महिन्याचं भाडं भरणं हा मार्ग उघडा आहेच. पण प्रत्येकाला तो परवडतो असं नाही, आणि ज्याचा हात सीएस६ वर बसला आहे, ज्याच्या अल्बमच्या सगळ्या पीएसडी त्यातच तयार आहेत, त्याने ते सोडावंच असंही नाही. मधला मार्ग चांगला आहे आणि तो फुकट आहे. फक्त कोणती फाइल कोणत्या स्वरूपात न्यायची हे आधी ठरवायला हवं.

त्यासाठी रॉ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची काच असते. त्या बिंदूने किती प्रकाश पकडला त्याचे बारा किंवा चौदा बिटांतले आकडे म्हणजे रॉ फाइल. तिच्यात अजून चित्र तयार झालेलं नसतं. शेजारच्या बिंदूंवरून उरलेले दोन रंग काढणं, व्हाइट बॅलन्स लावणं, काळा नेमका कुठून सुरू होतो आणि पांढरा कुठे संपतो ते ठरवणं, ही कामं सॉफ्टवेअरला करावी लागतात. त्यासाठी त्याला त्या विशिष्ट मॉडेलची माहिती लागते. म्हणूनच निकॉन डी९० ची एनईएफ सीएस६ मध्ये उघडते आणि झेड६ ची उघडत नाही, जरी दोन्ही फाइल्सचं आडनाव तेच असलं तरी. सीएस६ साठी अडोबीने दिलेला शेवटचा कॅमेरा रॉ प्लगइन ९.१.१, तो २०१५ साली आला. झेड६ आला २०१८ मध्ये. जन्माला न आलेल्या कॅमेऱ्याची ओळख प्लगइनला कुठून असणार?

कॅननच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. जुनी सीआर२ फाइल आतून टिफच्या धाटणीची होती. २०१८ मध्ये ईओएस एम५० सोबत सीआर३ आली आणि तिची आतली रचनाच बदलली. ती एमपी४ व्हिडिओच्या कुळातली आहे. त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरला मॉडेल तर नवीन वाटतंच, पण फाइल कुठून वाचायला घ्यायची हेही कळत नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत सी-रॉ हा पर्याय दिसतो म्हणून काही जण तो लावून पाहतात. त्याने फाइल लहान होते, पण राहते सीआर३च. जुन्या फोटोशॉपला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. रूपांतर करताना काही निर्णय गोठतात: व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, रंगांची व्याप्ती. जितके निर्णय पुढे ढकलता येतील तितकं बरं. तुमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा रॉ असेल तर जवळजवळ सगळेच निर्णय पुढे ढकलता येतात, आणि त्यासाठी डीएनजी आहे. कॅमेरा रॉ नसेल तर निर्णय आधीच घेऊन टिफ करावी लागते. हा फरक लक्षात न घेता लोक सरसकट टिफ करत सुटतात आणि मग हार्डडिस्क भरली म्हणून ओरडतात.

डीएनजी हे अडोबीने २००४ मध्ये आणलेलं रॉचं स्वरूप. त्यात सेन्सरचे आकडे तर असतातच, पण ते आकडे कसे वाचायचे याची माहितीही फाइलमध्येच असते. त्यामुळे सॉफ्टवेअरला कॅमेऱ्याचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही. अडोबी डीएनजी कन्व्हर्टर हा प्रोग्राम विंडोज आणि मॅक दोन्हींसाठी मोफत मिळतो. अट एकच. नव्या कॅमेऱ्यासाठी कन्व्हर्टरही नवा लागतो, आणि नवा कन्व्हर्टर जुन्या विंडोज ७ वर चढत नाही. स्टुडिओतलं मुख्य मशीन जुनं असेल तर घरातल्या कुणाच्या तरी नव्या लॅपटॉपवर हे काम करा आणि तयार डीएनजी पेनड्राइव्हने आणा. डीएनजीचा आकार साधारण मूळ रॉइतकाच असतो, त्यामुळे ने-आण जड जात नाही.

कन्व्हर्टरची खिडकी साधी आहे, वरून खाली चार पायऱ्या. पहिल्या पायरीत फोटोंचं फोल्डर निवडायचं. इथेच पुष्कळ जण अडकतात, कारण सवयीने फोल्डर उघडून आत जातात आणि आत काहीच दिसत नाही. हा प्रोग्राम सुटे फोटो दाखवत नाही, पूर्ण फोल्डर घेतो. म्हणून फोल्डरवर एकदाच क्लिक करून ते निवडायचं, आत शिरायचं नाही. मोजकेच फोटो हवे असतील तर तेवढे आधी वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. दुसऱ्या पायरीत तयार फाइल्स कुठे जाणार ते सांगायचं. मूळ फोल्डरमध्येच सरमिसळ होऊ देऊ नका. तिसरी पायरी नावाची, तिथे मूळ नाव तसंच ठेवणं शहाणपणाचं, कारण पुढे गिऱ्हाइकाने एखादा फोटो परत मागितला की रॉ आणि डीएनजीची जोडी चटकन लागते.

खरी मेख चौथ्या पायरीत आहे. तिथे प्रेफरन्सेसचं बटन दाबलं की कम्पॅटिबिलिटीची यादी उघडते. काही न बदलता पुढे गेलात तर कन्व्हर्टर आजच्या काळाला साजेशी डीएनजी बनवतो आणि ती तुमच्या जुन्या फोटोशॉपमध्ये उघडेलच याची खात्री नाही. अलीकडच्या डीएनजीत जेपेग एक्सएल नावाची दाबण्याची पद्धत वापरता येते, जुन्या प्लगइनला ती वाचता येत नाही. म्हणून यादीतून आपल्या कॅमेरा रॉच्या आवृत्तीइतका किंवा तिच्या खालचा आकडा निवडायचा. सीएस६ साठी ७.१ चा पर्याय चालतो. सीएस५ चा शेवटचा कॅमेरा रॉ ६.७ आहे, म्हणून त्याला ६.६. सीएस४ ला ५.४, सीएस३ ला ४.६. सीएस२ कुणी वापरत असेल तर २.४. लाइटरूमचीही तीच रीत: लाइटरूम ३ ला ६.६, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत ७.१. मात्र हे आकडे शेवटपर्यंत अपडेट केलेल्या सॉफ्टवेअरचे आहेत. सीडीवरून टाकल्यानंतर कधीच अपडेट न केलेल्या सीएस५ मध्ये प्लगइन आणखी जुना असू शकतो. फोटोशॉपच्या हेल्प मेनूत, अबाउट प्लगइनखाली, कॅमेरा रॉवर क्लिक केलं की तुमचा आकडा दिसतो. तो बघूनच निवड करा.

फार मागचा पर्याय निवडला तर काही कॅमेऱ्यांच्या फाइल्स कन्व्हर्टर लिनिअर स्वरूपात लिहितो. म्हणजे प्रत्येक बिंदूचे तिन्ही रंग आधीच काढून ठेवतो आणि फाइल अनेक पटींनी फुगते. ती उघडते, व्हाइट बॅलन्सही बदलता येतो, पण जागा खाते. त्यामुळे गरजेपेक्षा मागे जाऊ नका. त्याच खिडकीत मूळ रॉ आत बसवण्याचा पर्याय आहे, तो बंद ठेवा, नाहीतर फाइल जवळजवळ दुप्पट होते. लॉसी कॉम्प्रेशनची खूणही काढलेलीच असू द्या. जेपेग प्रीव्ह्यू मध्यम आकाराचा पुरतो.

पूर्ण फोल्डर कामाला लावण्याआधी दोन-तीन फोटोंवर प्रयोग करा. एखादा उन्हातला, एखादा हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखालचा. तयार डीएनजी सीएस६ मध्ये उघडली की बहुतेकांची पहिली तक्रार असते की कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसत होता, इथे फिका पडला. बिघाड झालेला नसतो. स्क्रीनवर दिसत होती ती कॅमेऱ्याने पिक्चर स्टाइल लावून केलेली जेपीजी. इथे अडोबीचं स्वतःचं साधं प्रोफाइल लागलेलं असतं. थोडा कॉन्ट्रास्ट, थोडी व्हायब्रन्स वाढवली की गाडी रुळावर येते, आणि एकदा जमलेलं सेटिंग प्रीसेट म्हणून साठवलं की सगळ्या फोटोंना लावता येतं.

आता ज्यांच्याकडे कॅमेरा रॉच नाही त्यांच्याकडे वळू. फोटोशॉप ७ अजून पाहायला मिळतं, विशेषतः डीटीपीच्या कामात. २००२ चं ते सॉफ्टवेअर डीएनजीच्या आधीचं, तेव्हा तिथे तो मार्ग बंद. पेजमेकर किंवा जुन्या कोरल ड्रॉमध्ये काम करणाऱ्यांनाही टिफच लागते. इथे माझी पसंती कॅमेऱ्याच्या कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरला. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप, ही तिन्ही त्या त्या कॅमेऱ्याच्या मालकाला मोफत मिळतात. ती दिसायला रुक्ष आहेत, चालतातही संथ, पण कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल त्यांना नेमकी कळते. स्क्रीनवर दिसला तसाच रंग हवा असेल तर हाच जवळचा रस्ता. एकापेक्षा जास्त कंपन्यांचे कॅमेरे असतील तर रॉथेरपी किंवा डार्कटेबल ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, ताकदीची आहेत, फक्त शिकायला वेळ द्यावा लागतो. निकॉन झेड८ किंवा झेड९ वापरणाऱ्यांनी एवढं पाहावं की कॅमेऱ्यातल्या हाय एफिशिएन्सी रॉ फाइल्स मुक्त सॉफ्टवेअरला अडू शकतात. पुढे जुन्या साधनांत काम करायचं असेल तर कॅमेऱ्यात लॉसलेस कॉम्प्रेस्ड हा पर्याय ठेवलेला बरा.

टिफमध्ये निर्णय गोठतात असं वर म्हटलं, ते प्रत्यक्षात कसं घडतं हे हळदीच्या फोटोत छान दिसतं. मांडवाला झेंडूची तोरणं, नवरीच्या अंगाला हळद, पिवळी साडी, वरून ऊन. कॅननच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टँडर्ड पिक्चर स्टाइलवर हा फोटो बघा आणि हिस्टोग्रामचे तीन रंग वेगवेगळे करून पाहा. चेहरा व्यवस्थित असतो, एकूण उजेडही ठीक वाटतो, पण लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला असतो. परिणाम असा की झेंडूच्या पाकळ्या सुट्या दिसत नाहीत, केशरी रंगाचा सपाट गोळा दिसतो. रॉमध्ये त्या पाकळ्यांचा तपशील बहुधा शिल्लक असतो. पण अशा अवस्थेत टिफ केली तर तो कायमचा गेला, मग जुन्या फोटोशॉपमध्ये कितीही कर्व्ह ओढा. म्हणून टिफ करण्याआधी पिक्चर स्टाइल न्यूट्रल किंवा फेथफुल करा, एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली घ्या, सॅच्युरेशनही जरा उतरवा. लाल आलेख भिंतीपासून सुटेपर्यंत. फोटो त्या क्षणी बेचव दिसेल, दिसू दे. चव नंतर फोटोशॉपमध्ये आणता येते. शालूच्या जरीवर फ्लॅश पडला असेल तेव्हाही हेच.

शार्पनिंगचंही तसंच. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते जवळजवळ शून्यावर ठेवा, कारण अल्बमचा आकार ठरल्यावर शेवटी एकदाच करायचं काम आहे ते. नॉइज मात्र इथेच थोडा काढा. जुन्या फोटोशॉपचं त्याबाबतीतलं हत्यार बोथट आहे.

मग प्रश्न येतो बिटांचा. सोळा बिटांची टिफ केव्हाही चांगली, कारण पुढे उजेड-अंधार ओढताताण केली तरी आकाशात किंवा भिंतीवर रंगाचे पट्टे उमटत नाहीत. पण तुमच्या सॉफ्टवेअरला ती पेलते का ते बघा. फोटोशॉप ७ सोळा बिटांची फाइल उघडतं, पण तिच्यावर लेअर चढवू देत नाही. ती सोय २००३ च्या सीएसपासून आली. गिंप वापरत असाल तर २०१८ मध्ये आलेल्या २.१० च्या आधीच्या आवृत्त्या आठच बिटांत काम करतात. फोटोशॉप एलिमेंट्सलाही सोळा बिटांत लेअर जमत नाहीत. अशा ठिकाणी रीत अशी: सोळा बिटांतच आणा, कर्व्ह आणि लेव्हल्सचं मोठं काम उरकून घ्या, मग आठ बिटांत उतरवून लेअर आणि अल्बमचं डिझाइन करा. पेजमेकर आणि जुन्या कोरलसाठी थेट आठ बिटांची, लेअर नसलेली, न दाबलेली टिफ द्या. टिफमध्ये झिप कॉम्प्रेशन लावू नका, जुनी सॉफ्टवेअर ते वाचताना हटकून रुसतात. एलझेडडब्ल्यू बहुतेकांना कळतं, पण सोळा बिटांच्या फोटोवर त्याने फाइल कित्येकदा लहान होण्याऐवजी मोठी होते.

आकाराचा हिशेब आधीच करून ठेवा. आर५० चा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा. प्रत्येक बिंदूला तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट, म्हणजे एक सोळा बिटांची टिफ सुमारे १४४ एमबी. लग्नाचे हजार फोटो सरसकट टिफ केले तर १४४ जीबी झाले. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एकच टिफ २७० एमबी, आणि ३२ बिटांचं जुनं सॉफ्टवेअर दोन-चार लेअरनंतर धापा टाकायला लागतं. म्हणून आधी निवड, मग रूपांतर. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो पाहून तारे द्या आणि अल्बमला जाणाऱ्या शे-दीडशेचीच टिफ करा. डिजिटल फोटो प्रोफेशनलमध्ये निवडलेले फोटो बॅच प्रोसेसला लावले की ते एकामागून एक तयार होत राहतात. जेवायच्या सुट्टीत हे काम लावावं.

रंगांच्या व्याप्तीबद्दल फार डोकं खाजवू नका. काम शेवटी लॅबमध्ये छपाईला जाणार असेल आणि लॅबने वेगळं काही सांगितलं नसेल तर एसआरजीबी. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रंगव्यवस्था बंद असेल तर अडोबी आरजीबीतला फोटो मरगळलेला दिसतो, प्रोफोटोतला तर आजारी. प्रोफोटो फक्त सोळा बिटांत आणि फक्त ज्याला त्याचं कारण माहीत आहे त्याने वापरावा. झेंडूचा केशरी एसआरजीबीत थोडा आवळला जातो, हे खरं. पण वर सांगितलेली खबरदारी घेतली असेल तर छपाईत ते सहसा खुपत नाही.

एका जुगाडाबद्दल अनेकदा विचारणा होते. एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रामने फाइलमधलं कॅमेऱ्याचं नाव बदलून एखाद्या जुन्या भावंडाचं नाव लिहायचं, की सॉफ्टवेअर फसतं आणि फाइल उघडतं. दोन मॉडेलांचा सेन्सर आणि फाइलची रचना सारखीच असेल तर हे चालतं. नसेल तर पांढऱ्या भागावर गुलाबी झाक येते, सावल्या हिरवट होतात, कडेला काळी पट्टी दिसते. सीआर३ ची रचनाच वेगळी असल्याने जुन्या सीआर२ कॅमेऱ्याचं नाव लिहून तिथे काहीही साधत नाही. कुतूहल म्हणून करायचं तर कॉपीवर करा. मोफत डीएनजी कन्व्हर्टर असताना गिऱ्हाइकाच्या कामासाठी या वाटेला जाण्यात मला अर्थ दिसत नाही.

ज्यांना हे सगळं करायला खरोखर वेळ नाही त्यांनी कॅमेऱ्यात रॉ आणि जेपीजी दोन्ही एकदम साठवण्याचा पर्याय लावावा. साध्या फोटोंना जेपीजी पुरते, आणि जिथे उजेड फसला तेवढ्याच फोटोंची डीएनजी किंवा टिफ करायची. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राला किंवा फ्लेक्सवाल्याला तातडीने एकच फोटो हवा असेल तर कॅनन, निकॉन, फुजी यांच्या अनेक कॅमेऱ्यांत मागच्या स्क्रीनवरच रॉचा जेपीजी करता येतो, कॉम्प्युटरची गरजच नाही.

राहिला प्रश्न काय ठेवायचं आणि काय पुसायचं याचा. डीएनजी केली म्हणून सीआर३ काढून टाकण्याचा मोह होतो, कारण दोन्ही सांभाळायला दुप्पट जागा लागते. तरी सीआर३ ठेवा. डीएनजी कॅननच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही, आणि डीएनजीवरून परत सीआर३ करता येत नाही. उद्या नवं फोटोशॉप आलंच तर त्याला मूळ फाइल थेट वाचता येईल. टिफ मात्र अल्बम छापून, गिऱ्हाइकाच्या हातात पडून, पैसे जमा झाले की बिनधास्त पुसा. लागलीच तर सीआर३ वरून पुन्हा तयार करता येईल. कॅननच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले बदल सेव्ह केले तर ते सीआर३ फाइलमध्येच नोंदले जातात, त्यामुळे तेवढी फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर असली की पुरे. दुसरी डिस्क स्टुडिओत नको, घरी असू द्या.